गाडीचे तोंड कुणीकडे?

शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी, रासाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे वडगाव रासाई हे गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका सुरू होतो आणि दोन्ही काठांना उसाचा पट्टा आहे. या भागातील एखाद्या बागायतदाराच्या अंगणात सायंकाळी उभा असलेला ट्रॅक्टर पाहावा. त्याचे तोंड बहुधा रस्त्याकडे असते. मागे ट्रॉली जोडलेली असेल, तर तशी ती उभी करण्यासाठी अंगणातून पूर्ण वळसा घेतलेला असतो. त्याच अंगणात घरची मोटार उभी असेल, तर तिचे नाक मात्र अनेकदा भिंतीला टेकलेले दिसते. दोन्ही वाहने एकाच घरची आणि कित्येकदा चालवणारा हातही एकच. तरी एक रात्रीच सकाळच्या निघण्याची तयारी करून उभे राहते आणि दुसरे सकाळचे काम सकाळवर टाकते.

गाडी सरळ घालून लावावी की उलटी, म्हणजे मागे घेत लावावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत तो निघाला की निम्मे सभासद हसतात आणि उरलेले भांडतात. मी आयुष्यभर बँकेत व्याजाचे आणि परतफेडीचे हिशेब केले. त्या सवयीने या प्रश्नाकडे पाहिल्यावर मला त्यात एक साधा जमाखर्च दिसला. गाडी कशीही लावा, एकदा तरी ती मागे घ्यावी लागणारच. येताना घ्या किंवा जाताना घ्या. श्रम तेवढेच असतात. प्रश्न एवढाच की ते कोणत्या वेळी आणि कोणत्या जागेत करणे कमी जोखमीचे आहे.

आधी यंत्राची बाजू पाहू. मोटारीची पुढची चाके वळतात, मागची वळत नाहीत. गाडी पुढे जात वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत; ती आतल्या बाजूने, लहान वर्तुळात जातात. जुन्या गावठाणांत बोळाच्या कोपऱ्यावर मोठा दगड पुरलेला असे, तो याच कारणाने. बैल व्यवस्थित वळत, पण गाडीचे आतले चाक भिंत खरवडत जाई, म्हणून भिंतीऐवजी दगडाने मार खावा अशी ती योजना होती. आज दोन गाड्यांच्या मधल्या जागेत सरळ शिरताना शेजाऱ्याच्या दारावर जो ओरखडा उठतो, तो त्याच भूमितीचा. सरळ शिरायचे तर आधी बाहेरून मोठा वळसा हवा, आणि तळमजल्यावरच्या खांबांच्या गर्दीत तो मिळत नाही.

उलटे जाताना सारे पालटते. आता वळणारी चाके शेवटी असतात. न वळणारी मागची चाके आधी जागेत नेमकी बसवता येतात आणि मग गाडीचा पुढचा भाग मोकळ्या मार्गिकेतून फिरवून सरळ करता येतो. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असतात ती याचसाठी. त्यामुळे ते यंत्र अरुंद वाटेतही जागच्या जागी फिरते. आपल्या इमारतींत एका मोटारीसाठी सामान्यतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब अशी जागा आखतात. त्यात पावणेदोन मीटर रुंदीची गाडी बसवली की दोन्ही बाजूंना मिळून पाऊण मीटर उरते, आणि दार त्यातच उघडायचे असते. अशा जागेत उलटी लावलेली गाडी पहिल्या प्रयत्नात मध्यभागी येण्याची शक्यता अधिक. ज्यांना हे अवघड वाटते, त्यांना बहुधा सरावाची उणीव असते.

सराव नसण्यालाही इतिहास आहे. आमच्या पिढीने अॅम्बॅसॅडर आणि फियाटवर हात बसवला. त्या गाड्यांचे चक्र उभ्या गाडीत फिरवायचे म्हणजे खांद्याचा व्यायाम. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ती हलकी होती, पण तिच्या साध्या आवृत्तीला डावीकडचा बाहेरचा आरसा नव्हता. डाव्या बाजूला काय आहे हे न दिसता मागे जाण्यापेक्षा नाकासमोर शिरणे माणसाला सुरक्षित वाटले, यात नवल नाही. सवय लागली आणि गाड्या बदलल्या तरी ती राहिली. पुढे मागे जाताना सिनेगीतांच्या चाली वाजवणारे भोंगे आले. त्यांनी मागच्या माणसाला सावध केले असेल, परंतु चालकाला काहीच दाखवले नाही.

आता दृष्टीची बाजू. येथे एक समज दुरुस्त केला पाहिजे. उलटी गाडी लावली की निघताना चालक रस्त्याच्या फार जवळ बसलेला असतो, असे सांगितले जाते. चार मीटरच्या गाडीत चालकाचे डोळे जवळजवळ मध्यावरच असतात. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि तेव्हापासून अनेक कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या छाटल्या, हे पाहता अंतराचा फरक आणखीच थोडा. खरा फरक आड काय येते याचा आहे. समोर पाहताना मोठी काच, दोन बारीक खांब आणि उतरते बॉनेट एवढेच मध्ये असते. मागे पाहताना जाड खांब, आसनांच्या उश्या, बसलेली माणसे, मागच्या फळीवर ठेवलेल्या पिशव्या आणि उंच डिकी. त्यात साठी ओलांडलेल्या माणसाची मान किती वळते हे ज्याचे त्याला ठाऊक. दोन-अडीच वर्षांचे मूल तर मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षाही ठेंगणे असते.

या शेवटच्या वाक्यामुळे विषयाचे हलकेपण संपते. अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा घराच्या वाटेवर वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडला. वडील स्वतः बालरोगतज्ज्ञ होते. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये तेथे कायदा झाला आणि मे २०१८ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागे पाहणारा कॅमेरा सक्तीचा ठरला. नियम करताना तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने दिलेला हिशेब असा होता : मागे येणाऱ्या वाहनाखाली सापडून वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि सुमारे १५,००० जखमी. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरी ओलांडलेले वृद्ध. म्हणजे निम्म्याहून अधिक बळी एक तर नातवंडे किंवा आजी-आजोबा. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या अंगणात दिवसभर जी माणसे असतात, नेमकी तीच.

याच देशातील मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेने २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के चालक गाडी सरळच घालतात असे आढळले, आणि संघटनेने सल्ला मात्र उलटी लावण्याचा दिला. ब्रिटनच्या मार्गसंहितेचा २०१ वा नियम अधिक स्पष्ट आहे : घराच्या खाजगी वाटेवर शक्य असेल तर उलटे आत या आणि सरळ बाहेर पडा, बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर मागे मागे येऊ नका. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमात परवान्याच्या परीक्षेचे तपशील आहेत. मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे, ताबा ठेवून व बऱ्यापैकी अचूकपणे गाडी मागे घेता आली पाहिजे, अशी अपेक्षा त्यात आहे. परीक्षेच्या दिवशी ती पूर्ण करणारे अनेकजण दुसऱ्या दिवसापासून तिचा त्याग करतात.

मागे घेणे आत शिरताना करावे, याची दोन कारणे मला पटतात. पहिले असे की ज्या रिकाम्या जागेत आपण शिरतो, ती आपण नुकतीच डोळ्यांनी पाहिलेली असते. तिला तीन बाजूंनी भिंत किंवा गाड्या असतात. तेथे अचानक कोणी अवतरण्याचा संभव थोडा. उलट, बाहेर पडताना आपण ज्या मार्गिकेत किंवा रस्त्यावर मागे येतो, तेथे दुचाकी, सायकली, चेंडूमागे धावणारी मुले यांची ये-जा अखंड असते. दुसरे कारण वेळेचे. घरी परतणाऱ्याला दोन मिनिटे असतात. निघणाऱ्याला शाळा, कचेरी, दवाखाना गाठायचा असतो, आणि काच दवाने धूसर असते. दवाखान्याच्या बाबतीत तर मध्यरात्रीही निघावे लागते. अग्निशामक केंद्रातील बंबांची तोंडे दाराकडे असतात. बँकेत असताना रोकड नेणारी गाडीही मी कधी नाक भिंतीला लावून उभी राहिलेली पाहिली नाही. औद्योगिक वसाहतींत अनेक कारखान्यांच्या आवारात ‘गाडी उलटीच लावा’ अशा पाट्या असतात. वायुगळती झाली वा आग लागली तर शेकडो गाड्या एकाच वेळी मागे घेत बाहेर काढता येत नाहीत, हे त्यांनी आधीच गृहीत धरलेले असते.

हाच विचार आपल्या समारंभांना लावून पाहावा. प्रवचन, लग्न, वाढदिवस, सामूहिक क्षमापना, कोणताही मेळावा घ्या. माणसे येतात ती तासा-दीड तासात विखरून. जाताना मात्र सारी एकदम उठतात. येताना एकेक गाडी सावकाश उलटी लावायला वेळ आणि जागा दोन्ही मिळतात. कार्यक्रम संपल्यावर त्याच मैदानात वृद्ध आपली पादत्राणे शोधत असतात, मुले दोन गाड्यांमधून पळत असतात, स्त्रिया उभ्या उभ्या निरोप घेत असतात. आणि अशा वेळी पन्नास-साठ गाड्यांचे मागचे लाल-पांढरे दिवे एकदम लागतात. स्वयंसेवक असतात, ते बहुधा प्रवेशद्वारापाशी शिट्टी वाजवत उभे. त्यातले दोघे मैदानात उभे करून येणारी प्रत्येक गाडी उलटी लावून घेतली, तर शेवटची अर्धी धांदल आपोआप टळेल. नवरात्रात देवीच्या गावी गाड्यांची गर्दी होते तेथेही हाच उपाय लागू पडतो. त्याला पैसा लागत नाही. आयोजकांनी आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारून स्वयंसेवकांना नीट सांगितले की पुरे.

तथापि सर्वत्र उलटीच, असा हट्ट मी धरणार नाही. त्याला सर्वांत ठसठशीत उत्तर आपल्या एसटीचे आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे ही एसटीची पहिली बस धावली. ती शिरूरच्याच रस्त्याने गेली, याचा या तालुक्याला अभिमान आहे. या एसटीची गाडी आपल्या बसस्थानकात फलाटाला नाक लावून उभी राहते आणि निघताना मागे येते. तिला तसेच शोभते. गावाची पाटी पुढच्या काचेवर असते. फलाटावर बोचकी सांभाळत उभ्या असलेल्या बाईला ती वाचता आली पाहिजे, आणि चढणाऱ्याला गाड्यांच्या मधून हिंडावे लागू नये. परंतु एसटीने यातली जोखीम ओळखून तिची व्यवस्थाही केली. बस मागे निघताना वाहक खाली उतरतो, मागे उभा राहतो, शिट्टी वाजवतो, हाताने खुणावतो, आणि बस वळून सरळ झाली की धावत येऊन चढतो. मोटारीला वाहक नसतो. नाक आत घालण्याची एसटीची रीत आपण घेतली आणि शिट्टी तेवढी स्थानकातच राहू दिली.

मंडईत किंवा किराणा दुकानापाशी गाडी सरळ लावणे सोयीचे, कारण डिकी मार्गिकेकडे राहते आणि धान्याची पोती दोन गाड्यांच्या फटीतून न्यावी लागत नाहीत. जागा तिरप्या आखलेल्या असतील तर त्या सरळ शिरण्यासाठीच आखलेल्या असतात; तेथे उलटे शिरण्याचा अट्टहास करणारा सगळी रांग अडवून धरतो. ज्याच्या मागे चार गाड्या भोंगे वाजवत उभ्या आहेत, अशा नवशिक्याने घामाघूम होत उलटी लावण्यापेक्षा सरळ शिरावे आणि निघताना कोणाला तरी मागे उभे करावे. विजेवरच्या गाड्यांनी नवी अडचण आणली आहे. काहींचे भरणाचे तोंड नाकाशी, काहींचे मागच्या बाजूला; तेथे वायर पोहोचेल तसे उभे राहण्यावाचून इलाज नाही.

आणि धूर. माझ्या परिचयाच्या एका गृहसंस्थेत उलट्या पार्किंगवरून दोन वर्षे अबोला होता. तळमजल्यावर राहणाऱ्या दम्याच्या रुग्ण असलेल्या एका आजींच्या खिडकीपासून हातभर अंतरावर रोज सकाळी चार गाड्यांची धुराडी सुरू होत. व्यवस्थापन समितीने चिडून ‘सर्व गाड्या सरळच लावाव्यात’ असा फलक लावला. मग दुसऱ्या बाजूच्या सभासदांनी मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढला. दोघांचेही बरोबर होते, म्हणूनच तंटा मिटेना. जपानमध्ये बहुतेक लोक गाडी उलटी लावतात, तरीही जेथे भिंतीपलीकडे घरे किंवा झाडांचे कुंपण असते तेथे ‘नाक आत करून लावा’ अशा पाट्या आढळतात. म्हणजे एकाच आवारात दोन नियम नांदू शकतात. त्या गृहसंस्थेनेही शेवटी तेच केले. खिडकीसमोरच्या चार जागा सरळ, बाकी सर्व उलट्या. ठराव तीन ओळींचा होता. त्याआधीचा पत्रव्यवहार मात्र जाड फायलीत लावलेला मी पाहिला आहे.

यंत्रे आता मदतीला आली आहेत. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला मागचे संवेदक सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या मर्यादा ओळखून असाव्यात. बंपरच्या पातळीखालचा दगड, जमिनीत रोवलेली बारीक सळई, गाडीच्या अगदी पोटाशी निजलेले कुत्रे यांची खबर ते देतीलच असे नाही. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसतो. त्यांचा टीं-टीं आवाज ऐकत मान न वळवण्याची जी नवी सवय तरुणांना लागली आहे, ती मला काळजीची वाटते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणून निवड असेल तेव्हा उजव्या हाताची रिकामी जागा घ्यावी. उजव्या खिडकीतून मागचे चाक आणि आखलेली रेघ दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात.

आता पुन्हा वडगाव रासाईच्या ट्रॅक्टरकडे. त्याचे तोंड रस्त्याकडे असते ते सावधपणामुळे जितके, तितकेच नाइलाजाने. ट्रॉली मागे घेणे ही वेगळीच विद्या आहे. ट्रॉलीचे शेपूट उजवीकडे न्यायचे असेल तर चक्र आधी डावीकडे फिरवावे लागते, आणि ती वळू लागली की लगेच तिच्या मागे जावे लागते. क्षणभर उशीर झाला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटतात. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या की ती विद्याही संपते. दोन सांधे एकाच वेळी उलटे सांभाळणे जवळपास अशक्य, म्हणून अशा गाड्यांचे येणेजाणे होता होईल तो वळशानेच आखावे लागते. मोटारवाल्यासाठी जे सोयीचे असते, ते ट्रॉलीवाल्याला सक्तीचे झाले आहे.

फडात मात्र वळसा घेण्याजोगी जागा नसते. तेथे एक ट्रॉली सोडून दुसरी मागे मागे मोळ्यांच्या ढिगापर्यंत न्यावी लागते. इंजिनाच्या आवाजात मागचे काही ऐकू येत नाही, ट्रॉलीच्या उंच फाळक्यांमुळे काही दिसत नाही, तिला संवेदक नाही, कॅमेरा नाही, अनेकदा मागचा दिवाही नाही. आणि ऊसतोडीच्या टोळीतील आईबाप पहाटेपासून कोयता चालवत असतात, तेव्हा त्यांची तान्ही मुले कुठे असतात? उन्हातान्हात सावली मिळेल तेथे. पाचटाच्या ढिगाआड, उभ्या गाडीच्या पोटाखाली, चाकाला टेकून अंथरलेल्या गोधडीवर. तेथे निजलेले मूल चालकाच्या जागेवरून दिसू शकत नाही. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस असला तरी तो ढिगाच्या बाजूला पाहत असतो, कारण त्याचे लक्ष ट्रॉली ढिगाला कशी लागेल याकडे असते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा व्यापार या पट्ट्याशी जोडलेला आहे. खते-बियाण्यांची दुकाने, वाहनांचे सुटे भाग, टायर, शेती अवजारे यांच्या निमित्ताने ट्रॅक्टरचा मालक आणि चालक आपल्या ओट्यावर येतोच. गळीत हंगाम सुरू होण्याच्या आधी ट्रॉलीला मागून लाल परावर्तक पट्टी चिकटवून देणे हे दुकानदाराला दहा मिनिटांचे काम आहे. चालकाला एवढे जरूर सांगावे की फडात ट्रॉली मागे घेण्याआधी इंजिन चालू करून लगेच गियर टाकू नये. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी, चाकांच्या आणि पोटाच्या खाली वाकून पाहावे, आणि खुणावणाऱ्या माणसाने ट्रॉलीच्या मागे उभे न राहता उजव्या अंगाला, चालकाला मान वळवून दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. तो दिसेनासा झाला की ट्रॅक्टर जागीच थांबवावा. मुलांना निजवण्यासाठी फडाच्या कडेला, वाहनांच्या वाटेपासून दूर, चार काठ्यांवर एक ताडपत्री बांधता येते. जुनी ताडपत्री बहुतेक दुकानांच्या माळ्यावर पडलेली असते.